चप्पल काढून कमिट

आमच्या बाई चालू डेटाबेसला हात लावायच्या आधी चप्पल काढायच्या. भक्तिभाव म्हणाल तर तो अजिबात नव्हता. तुळजापूर हाकेवर असून बाई कधी देवीला गेल्याचं मी ऐकलं नाही. "तिला कामं कमी हायत का, त्यात मी कशाला?" असं त्या म्हणायच्या. पण टेबलाखाली दोन चपला पडलेल्या दिसल्या की आम्ही समजायचो, आता बोलायचं नाही, हसायचं नाही, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. काम संपलं, कमिट लिहून एंटर मारलं की बाईंचे पाय टेबलाखाली चाचपडत चपला शोधायचे. मग कुणीतरी खाली चहा सांगायचं.

ही सवय त्यांना लागली ती अद्दल घडल्यावर. डेटाबेसमध्ये काही बदलायचं तर आधी बिगिन लिहायचं. तिथून पुढं तुम्ही जे बदलाल ते फक्त तुम्हाला दिसतं, बाकी जगाला नाही. मनासारखं झालं तर कमिट लिहायचं, की ते कायमचं. बिघडलं तर रोलबॅक, म्हणजे काही घडलंच नव्हतं. पण या दोन्हींपैकी एक होईस्तोवर बदललेल्या ओळींना कुलूप असतं, ज्याला त्या बदलायच्या असतील त्यानं दाराबाहेर थांबायचं. तर एकदा बाईंनी बिगिन लिहिलं, जिल्ह्यातल्या सगळ्या लग्नाच्या हॉलांच्या वेळा बदलल्या, बदललेलं नीट बघितलं, समाधानानं मान हलवली, आणि कमिट न करताच समोरच्या रसवंतीवर रस प्यायला गेल्या.

उमरग्यापासून परंड्यापर्यंत सगळी मंगल कार्यालयं थिजली. जो तो फोनवर म्हणतोय, चाक फिरतंय, बुकिंग होईना. ऑफिसातला गणेश पळत रसवंतीवर गेला.

"बाई, सगळं अडकलंय!"

"कुणी अडकवलं? नाव सांग त्याचं, बघते."

"तुम्ही."

"मी? मी तर हितं रस प्यायलेय."

"तेच तर."

तेव्हापासून चपला. आमचं ऑफिस खताच्या दुकानावर होतं. जिन्यावर कायम खताचे दाणे सांडलेले असायचे, आणि ते अनवाणी पायाला टोचायचे. "अनवाणी माणूस उठून भटकत न्हाय," बाई म्हणायच्या. बाईंच्या सगळ्या तत्त्वज्ञानाला असला काहीतरी हलका, टोचरा पाया असायचा.

बाई उमरग्याकडच्या, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. राग आला की त्या कानडीत शिरायच्या. आम्हाला त्यातलं एकच कळायचं, 'सुम्न कूड', म्हणजे गप बस. धाराशिवला बसस्टँडच्या मागं त्यांनी हे ऑफिस काढलं त्याआधी त्या काय करत होत्या, याच्या तीनचार कथा गावात होत्या. एकीत त्या पुण्याच्या कंपनीत मोठ्या साहेब होत्या, एकीत हैदराबादला प्राध्यापक. खरं विचारलं की, "सुम्न कूड."

मी बेंबळीहून एसटीनं यायचे. माझी मुलाखत या बाईंनीच घेतली. "ट्रान्झॅक्शन म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी कॉलेजात शिकवलेले चारही गुणधर्म व्याख्येसकट एका दमात म्हणून दाखवले. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"छान. आरत्या येतात का?"

"येतात," मी म्हणाले. मला वाटलं हाही अभ्यासक्रमातला भाग असेल.

"मग गणपतीत उपेगी पडशील. आता ऐक. न्हाव्याच्या दुकानातनं अर्धी दाढी करून कुणी उठतं का? करायची तर पुरी, न्हायतर आला तसा बाहेर जा. त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. सोमवारपास्नं ये."

आम्ही मंगल कार्यालयांचं सॉफ्टवेअर करायचो. कुठला हॉल कोणत्या तारखेला रिकामा, कुणी घेतला, आचारी कोण, मांडववाला कोण. गंमत अशी की बाईंना लग्नांचा मनस्वी तिटकारा होता. पत्रिका आली की त्या मागची कोरी बाजू बघायच्या आणि तिच्यावर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायच्या. त्यांच्या अनेक सुंदर क्वेऱ्या 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'च्या पाठीवर आहेत. नवीन पोराला जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, शिकवताना म्हणायच्या, "लग्न म्हणजे काय? दोन टेबलं आन् एक अट. अट विसरलास की संपलं." आमचा गणेश खरंच विसरला होता. त्याच्या रिपोर्टात प्रत्येक नवऱ्यापुढं जिल्ह्यातली प्रत्येक नवरी आली. बाईंनी कागद हातात घेऊन चष्म्याच्या वरून, खालून बघितला. "ह्याला लग्न म्हणत न्हाईत रे. ह्याला जत्रा म्हणतात."

याच गणेशनं बालाजीचं प्रकरण केलं. नळदुर्गच्या एका हॉलवरून फोन आला की नवरदेवाचं नाव बाळाजी पडलंय, ते बालाजी करा. गणेशनं तिथल्या तिथं अपडेट लिहिलं, नाव बालाजी केलं, एंटर मारलं. कुणाचं नाव, हे सांगणारी व्हेअरची ओळ लिहायचीच राहिली. बिगिनही नाही, म्हणजे रोलबॅकही नाही. क्षणात धाराशिव जिल्ह्यातले त्या मोसमातले सगळे नवरदेव बालाजी झाले.

फोन सुरू झाले. बाई शांतपणे एकेक उचलत होत्या. "व्हय व्हय, तुमच्याकडं बी बालाजी? यंदा लई पीक आलंय बालाजीचं. दुपारपर्यंत दम धरा." मग त्यांनी परकराच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. परकराला खिसा त्यांनी खास शिवून घेतला होता. त्यात सुपारी आणि आदल्या दिवशीचा बॅकअप एकत्र नांदायचे. "बॅकअप ऑफिसात ठेवायचा नसतो. ऑफिस जळालं तर?"

"आणि तुम्ही जळालात तर?" गणेश रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मग मला काय करायचाय तुमचा डेटा?"

जुन्या बॅकअपमधली नावं त्यांनी एका वेगळ्या टेबलात उतरवली, ती नव्याशी जोडून फक्त नाव तेवढं परत घातलं, आणि जेवायच्या सुट्टीच्या आत सगळे नवरदेव आपापल्या नावावर आले. गणेशला त्या रागावल्या नाहीत. दोन नियम मात्र घालून दिले. पहिला, अपडेट लिहायच्या आधी तीच अट लावून सिलेक्ट करायचं, म्हणजे कुठल्या ओळी येतात ते नुसतं बघायचं. "पोरगी बघायला गेल्यावर आधी बघता का आधी हार घालता?" दुसरा, व्हेअरची ओळ आधी लिहायची आणि मग वर जाऊन अपडेट. हे दोन्ही मी आजही पाळते. गणेशला मात्र आम्ही सगळे बालाजीच म्हणायला लागलो. त्याच्या स्वतःच्या लग्नात उखाण्यात बायकोनं काय नाव घ्यायचं यावरून चेष्टा झाली, ती वेगळी.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की, दुसऱ्याची चूक बाई कशा चघळायच्या ते कळावं. मग त्यांची स्वतःची चूक आली.

ऐन मोसमातली सकाळ होती. मी नुकतीच ऑफिसात आले होते. कळंबजवळच्या एका मोठ्या हॉलच्या मालकाचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"बाई, हितं दोन नवरदेव आलेत!"

"नवऱ्या किती हायत?"

"दोन."

"मग जुळतंय की."

"बाई, मस्करी नका करू! दोन लग्नं, एकच हॉल, मुहूर्त बी एकच. दोघांकडं बी तुमच्या कॉम्प्युटरची पावती हाय!"

बाईंचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. "गाडी काढते," एवढंच म्हणाल्या. त्यांची जुनी व्हॅन बैलगाडीला वाट देत चालायची, त्या दिवशी मात्र एसटीला मागं टाकत निघाली. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. येडशी मागं पडलं तसं त्या म्हणाल्या, "दोन्ही ओळी काढ. वेळ वाच."

मी वाचली. दोन्ही बुकिंगं एकाच क्षणाला झाली होती. एक हॉलवरच्या कारकुनानं केलेलं, दुसरं मालकाच्या मेहुण्यानं कळंबच्या बाजारातल्या त्याच्या दुकानातून. दोघांनी आधी बघितलं, हॉल रिकामा आहे का? दोघांनाही रिकामा दिसला, कारण तोवर दोघांपैकी कुणाचीच नोंद झाली नव्हती. मग दोघांनी नोंद केली. मालकाच्या स्क्रीनवर एका तारखेच्या एका वेळेच्या चौकटीत एकच नाव दिसायचं, त्यामुळं आतापर्यंत कुणाला पत्ता नाही.

"पण बाई, एका हॉलला, एका तारखेला, एका वेळेला एकच नोंद, असा युनिकचा नियम टेबलावर आहे ना? दुसरी नोंद डेटाबेसनंच फेकून द्यायला पाहिजे होती."

"होता," बाई म्हणाल्या. "दुपार आन् संध्याकाळ अशा दोन पाळ्या हॉलवाल्यांनी करायला सांगितल्या तवा मी काढला. पाळ्या बसवल्या की परत घालणार होते. चहा आला. विसरले." ढोकीच्या पुढं त्यांनी एकदा स्टिअरिंगवर तळहात मारला आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. ते मात्र सुम्न कूड नव्हतं.

हॉलवर पोचलो तर दारातच दोन मांडववाले एकमेकांच्या झेंडूच्या माळा उतरवत होते. कमानीवर एका लग्नाचा फ्लेक्स, त्यावर दुसऱ्याचा. वरचा अर्धा सुटून लोंबत होता. त्यामुळं नवरदेव एका लग्नाचा आणि नवरी दुसऱ्या लग्नाची, असं जोडपं हसऱ्या तोंडानं पाहुण्यांचं स्वागत करत होतं. बाई क्षणभर थांबून बघत राहिल्या. "जॉइन चुकला," त्या पुटपुटल्या, आणि आत गेल्या.

आत एक वऱ्हाड तेर गावचं. शेतकरी माणसं, दोन टेम्पो आणि एसटी धरून आलेली. नवरीचा बाप धोतराचा सोगा हातात घेऊन दारातच उभा. दुसरं वऱ्हाड कळंबमधलंच, मोठ्या आडत व्यापाऱ्याच्या मुलीचं. त्यांच्या खुर्च्यांना कापडी खोळी होत्या, तेवढ्यावरून कुणाचं वजन किती ते कळत होतं. दोन्ही नवऱ्या एकाच खोलीत. सुदैवानं त्या दोघींमध्येच भांडण नव्हतं. एक दुसरीची नथ नीट करून देत होती.

मालकानं बाईंना कोपऱ्यात घेतलं. मी लॅपटॉप घेऊन मागंच होते.

"बाई, एक करा. तेरच्यांची नोंद उडवा. एक बटण दाबायचंय तुम्हाला. मी म्हणतो, त्यांची पावती चुकून निघाली. शाळेचं मैदान देतो त्यांना."

"आन् त्यांचीच का?"

"बाई, समजून घ्या की. ह्यांच्याशी रोजचा संबंध हाय माझा."

माझ्या मनात आलं, एक डिलीट, नीट व्हेअर लावून. कुणाला कळणारही नव्हतं. बाईंची चूकही त्या ओळीबरोबर पुसली गेली असती.

"दोन्ही कमिट झाल्यात," बाई म्हणाल्या. "कमिट म्हणजे शब्द दिला. दिलेला शब्द मागनं खोडायला डेटाबेस काय तुमचा मेहुणा हाय का?"

मग त्या सरळ वाजंत्रीवाल्याकडं गेल्या आणि त्याच्या हातातला माईक घेतला. माईक किंचाळला. दोन्ही वऱ्हाडं वळली.

"मालक तुम्हाला सांगतील, कॉम्प्युटरनं घोटाळा केला. कॉम्प्युटरनं काही केलं न्हाय. त्याच्यावर एक नियम होता, तो म्या काढला आन् परत घालायला विसरले. चूक माझी हाय. शिव्या द्यायच्या असल्या तर मला द्या, मालकाला न्हाय, एकमेकाला तर न्हायच न्हाय."

शिव्या मिळाल्या. तेरचा बाप पुढं येऊन म्हणाला, "तुमच्या गाडीची काच फोडली असती, पण आज पोरीचं लगीन हाय." बाई म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं." एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर तो धोतराचा सोगा सावरत आपल्या माणसांत जाऊन उभा राहिला.

आडतवाले शेठ पुढं आले. "ते जाऊ द्या. पहिली नोंद कुणाची? कॉम्प्युटर नंबर टाकतोच की. ज्याचा नंबर आधी, त्याचा हॉल."

नंबर मला माहीत होता. आधीचा नंबर शेठचाच होता. मी बाईंकडं बघितलं.

"नंबर तुमचा आधी हाय," बाई म्हणाल्या. "पण तो मशीननं वाटलाय, रांगेत उभं राहून न्हाय मिळाला. दोघांनी एकदम बघितलं, दोघांला रिकामं दिसलं. पहिलं कुणीच न्हाय."

"मग नंबर कशाला टाकता?"

"ओळखायला. मान द्यायला न्हाय."

शेठ चिडले. आता हे पेटणार, असं वाटत असताना मागून खुर्चीवरच्या एका म्हातारीनं शेठना कानडीत काहीतरी विचारलं. त्यांची आई, उमरग्याजवळच्या मुरूमची. शेठ उत्तर देणार, तोच बाईंनी दिलं, कानडीतच. म्हातारीचे डोळे लकाकले. बाई तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या. दोघींचं चाललं. मला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त मधेमधे 'अव्वा', म्हणजे आई, एवढं ऐकू यायचं. म्हातारी एकदा खो खो हसली, एकदा बाईंच्या गालाला हात लावला, आणि शेवटी लेकाकडं वळून मराठीत, सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "त्यांचं आधी लागू दे. आपलं गोरजाला. आपलं घर हितंच हाय, त्यांला लांब जायचंय."

शेठ आईपुढं काय बोलणार? त्यांनी फोन काढून लग्न लावणाऱ्या स्वामींना संध्याकाळची वेळ विचारायला सुरुवात केली.

मी नंतर बाईंना विचारलं, म्हातारीला काय सांगितलंत. "सांगितलं न्हाय, इचारलं. म्हणलं, अव्वा, दोन सुना एकदम घरात आल्या तर पहिलं ताट कुणाला वाढता? ती म्हणली, जी लांबून आली तिला. बाकी सगळं तिनंच केलं."

एकदा पाळी लागल्यावर बाकीचं सोपं होतं. आचाऱ्यांनी एकच चुलवण धरलं. शेठच्या बुंदीवर तेरची माणसं जेवली आणि तेरच्या वांग्यावर शेठचे पाहुणे. खोळीच्या खुर्च्यांवर दुपारी शेतकरी बसले. फ्लेक्सवरचं ते चुकीचं जोडपं कुणीतरी उतरवलं.

अक्षता पडत होत्या तेव्हा बाई भांड्यांच्या खोलीत पोत्यावर बसून नियम परत घालत होत्या. पहिल्यांदा डेटाबेसनं तो घेतलाच नाही. म्हणाला, इथं आधीच दोन सारख्या ओळी आहेत. मी म्हणाले, "आता काय?" बाई म्हणाल्या, "खरं बोलतोय तो. आधी खरं ते लिही, मग तो घेईल." त्यांनी सिलेक्ट करून बघितलं, मग शेठच्या नोंदीची पाळी दुपारची संध्याकाळ केली, कमिट केलं. आता दोन्ही ओळी वेगळ्या होत्या, आणि जे बाहेर घडत होतं तेच आत लिहिलेलं होतं. नियम पहिल्या झटक्यात बसला. तो मालक पुढच्या मोसमात आम्हाला सोडून गेला, आणि त्याचं ऐकून आणखी काही हॉल गेले. बाई म्हणाल्या, "गेले तर गेले, तेवढा बॅकअप हलका."

तेरची मंडळी निघायला लागली. टेम्पो चालू झाला होता. तेवढ्यात नवरीची आई आमच्याकडं आली. रडून डोळे सुजलेले, हातात ताट, ताटात तांदूळ, खण, नारळ.

"बाई, उभ्या ऱ्हावा. वटी भरते."

मागून त्यांच्यातली एक वयस्क बाई पुढं वाकून तिच्या कानाशी, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "आधी इचार की. सवाष्ण हाय का?"

मला वाटलं, आता सुम्न कूड येणार. पण बाई ताटाकडं बघत होत्या.

"ताई, मला ठावं न्हाय," त्या म्हणाल्या.

"म्हंजी?"

"हैदराबादला जातो म्हणून गेला. आला न्हाय. हाय म्हणून कुणी सांगितलं न्हाय, गेला म्हणून बी कुणी सांगितलं न्हाय. लई दिवस स्टँडवर जाऊन बसायचे, मग सोडून दिलं. त्यामुळं ह्यांनी जे इचारलं त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाय. ऱ्हाऊ द्या ते तांदूळ."

इतकी वर्षं मी या बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसले, आणि हे मला तिथं, एका परक्या बाईबरोबर कळलं. ती वयस्क बाई एक पाऊल मागं सरली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

नवरीच्या आईनं ताट जरा खाली घेतलं, बाईंकडं बघितलं, आणि परत वर उचललं.

"पदर करा."

"ताई—"

"पदर करा म्हणलं न्हवं. टेम्पो थांबलाय."

बाईंनी पदर धरला. कसा धरायचा ते त्यांना येतच नव्हतं. एक टोक घट्ट, एक सुटलेलं. पदरात नारळ पडला, खण पडला, त्यावर तांदळाची ओंजळ. सुटलेल्या बाजूनं तांदूळ त्यांच्या पायावर गळायला लागला. बाई नेहमीच्या आवाजात माझ्यावर ओरडल्या, "बघत काय उभी ऱ्हायलीस? धर की खालनं, सगळं सांडायलंय!"

मी लॅपटॉप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ते टोक धरलं.